दोन मजली घराची प्रतिकृती आणि तिच्यातलं खरोखर चालणारं वायरिंग

घराची प्रतिकृती करायला बसलं की हात आधी भिंतींकडे जातो. पुठ्ठा कापून होतो, रंग होतो, छप्पर चिकटतं आणि मग प्रश्न पडतो की वायरी न्यायच्या कुठून. त्यानंतर जे होतं ते शाळेच्या प्रत्येक विज्ञान प्रदर्शनात दिसतं: सुबक घर आणि त्याच्या मागे सेलोटेपने कशाबशा थोपवलेल्या वायरींचा गुंता. म्हणून इथे क्रम उलटा धरला आहे. आधी वायरिंगचा नकाशा, मग सगळी जोडणी टेबलावर उघडी मांडून बघायची, आणि ती चालली की मगच घर.

घर साधं घेऊ. खाली हॉल आणि स्वयंपाकघर, मध्ये जिना, वर एक खोली. प्रत्येक खोलीत स्वतंत्र दिवा, देवघरात कायम जळणारा बारीक लाल दिवा, हॉलमध्ये पंखा, दाराशी बेल आणि जिन्यात खालून लावून वरून बंद करता येईल असा दिवा. बाकी सगळं कोणीही करतं. जिन्याचा दिवा मात्र नीट समजून केला तर वायरिंग म्हणजे काय ते कळतं, म्हणून त्यावर थोडा जास्त वेळ घालवू.

एक गोष्ट आधीच सांगतो. हे सगळं काम सेलवर चालणारं आहे. भिंतीतल्या २३० व्होल्टच्या प्लगशी या घराचा काडीचाही संबंध येता कामा नये. 'मोठा बल्ब लावला तर उजेड छान पडेल' असं घरातलं कोणीतरी म्हणतंच. त्यांना चहा द्यावा आणि विषय बदलावा.

वीज कुठून घ्यायची

तीन पेन्सिल सेल, म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात घालतात तो आकार, आणि तीन सेलचा होल्डर. एक सेल १.५ व्होल्टचा, तीन ओळीने जोडले की ४.५ व्होल्ट. दोन सेलचे ३ व्होल्ट पांढऱ्या एलईडीला जेमतेम पुरतात आणि सेल जरा उतरला की दिवा मिणमिणतो. चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी दिसायला आटोपशीर असते, पण तिच्यात साठा फार कमी असतो. पंखा जोडला तर ती बघता बघता बसते.

पॉवर बँक वापरायचा मोह होईल. अडचण अशी की बऱ्याच पॉवर बँकना इतका कमी करंट लागलेला कळतच नाही. मोबाइल पूर्ण चार्ज झाला असं समजून त्या आपोआप बंद होतात आणि घरात अंधार. जुन्या मोबाइलची किंवा लॅपटॉपची लिथियम बॅटरी तर अजिबात नको. पेन्सिल सेल शॉर्ट झाला, म्हणजे त्याची प्लस-मायनस टोकं थेट जोडली गेली, तर तापतो, लिथियम सेल शॉर्ट झाला तर पेट घेऊ शकतो. आणि आपलं घर पुठ्ठ्याचं आहे.

तिन्ही सेल एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले असावेत. एक जुना आणि दोन नवे अशी सरमिसळ केली की जुना सेल आधी संपतो आणि बाकीचे दोघे त्याला रेटत राहतात. असाच सेल पुढे पाझरतो.

काय काय आणायचं

पांढरे ५ मिलिमीटरचे एलईडी सहा-सात (लागतील चार, एखादा जळेल हे धरूनच चला), एक लाल एलईडी, तीन पायांचे स्लाइड स्विच सात, एक पुश बटण, ३ ते २४ व्होल्टचा छोटा डीसी बझर, खेळण्यातली मोटर, तिच्यासाठी एक सेल आणि एका सेलचा होल्डर, बारीक सिंगल तारेची वायर तीन-चार रंगांत, कनेक्टर पट्टी आणि रेझिस्टन्स. दुकानात 'रेझिस्टर' म्हणण्याची गरज नाही, 'पाव वॅटचे रेझिस्टन्स, १५० ओम आणि २७० ओम' एवढं सांगितलं की पुरे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात तपकीर गल्लीत हे सगळं मिळून जातं. गाव लहान असेल तर टीव्ही-मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे विचारा. त्याच्या खोक्यात यातलं बरंचसं सापडतं, आणि तुटलेल्या खेळण्यातली मोटर तर फुकटच.

कनेक्टर पट्टी म्हणजे इलेक्ट्रिशियन वापरतात ती स्क्रूवाली पट्टी. ती घेतली तर बरंचसं सोल्डरिंग (वितळलेल्या धातूने तारा जोडणं) टळतं आणि चुकलेली जोडणी सोडवून पुन्हा करता येते. नवशिक्यासाठी हीच सर्वांत कामाची वस्तू आहे असं माझं मत आहे.

घराला कोरुगेटेड पुठ्ठा, म्हणजे ज्याच्या आत नागमोडी थर आणि बारीक नळ्या असतात तो. टीव्हीचं किंवा किराणा मालाचं खोकं चालतं. थर्माकोल नको. महाराष्ट्रात सजावटीच्या थर्माकोलवर २०१८ पासून बंदी आहे आणि शिवाय ग्लू गनचं टोक लागलं की तो वितळून खड्डा पडतो.

एलईडी आणि रेझिस्टन्स

एलईडीचा लांब पाय प्लसकडे, आखूड पाय मायनसकडे. पाय कापून झाल्यावर ओळखायचं असेल तर कडेला बोट फिरवा. गोल कड जिथे सपाट झाली आहे ती बाजू मायनस. उलटा जोडला तर एवढ्या व्होल्टेजला बिघडत नाही, फक्त लागत नाही.

रेझिस्टन्स का लागतो? एलईडी बल्बसारखा वागत नाही. ठरावीक व्होल्टेजपर्यंत तो जवळपास गप्प असतो आणि ते ओलांडलं की मिळेल तेवढा करंट ओढतो. पांढऱ्याचं हे व्होल्टेज सुमारे ३, लालचं सुमारे २. ४.५ व्होल्टवर पांढरा एलईडी थेट लावला तर क्षणभर डोळे दिपवतो, निळसर होतो आणि कायमचा मंदावतो किंवा जळतो.

गणित तोंडी होण्यासारखं आहे. सेलचे ४.५ व्होल्ट, त्यातले ३ एलईडीने घेतले, उरले १.५. आपल्याला करंट हवा १० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०१ अँपिअर. दीड भागिले ०.०१ बरोबर १५०. म्हणून पांढऱ्याला १५० ओम. लालसाठी उरतात २.५ व्होल्ट, उत्तर येतं २५०. बाजारात सहज मिळणारा जवळचा आकडा २७०. पट्ट्यांचे रंग बघून घ्या: १५० ओमला तपकिरी, हिरवा, तपकिरी, २७० ओमला लाल, जांभळा, तपकिरी. शेवटची सोनेरी पट्टी दोन्हीवर असते. एलईडीच्या माहितीपत्रात साधारण २० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं, ती त्याची मर्यादा समजा. काडेपेटीएवढ्या खोलीला १० भरपूर होतात.

पांढऱ्या एलईडीला लालपेक्षा जास्त व्होल्टेज का लागतं ते तो विझलेला असताना बघा. आत पिवळा ठिपका दिसतो. मुळात तो निळा एलईडी आहे आणि निळ्याला लालपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. वर पिवळ्या फॉस्फरचा, म्हणजे निळ्या प्रकाशाने पिवळा चमकणाऱ्या पदार्थाचा, लेप. निळा आणि पिवळा प्रकाश मिसळून डोळ्यांना पांढरा दिसतो. निळा एलईडी बनवायलाच शास्त्रज्ञांना फार वर्षं लागली. त्यासाठी अकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. प्रदर्शनात मुलांना कोणी 'एलईडी पांढरा कसा?' असं विचारलं तर हे उत्तर तयार असू द्या.

प्रत्येक एलईडीला स्वतःचा रेझिस्टन्स हवा. एकात भागवता येईल असं वाटतं, म्हणून टेबलावर एकदा करूनच बघा: एका रेझिस्टन्सच्या पुढे पांढरा आणि लाल शेजारीशेजारी जोडा. लाल झकास लागतो, पांढरा पूर्ण विझतो. लालने व्होल्टेज दोनच्या आसपास धरून ठेवलं आणि पांढऱ्याला लागतात तीन. एकापुढे एक जोडले तरी पंचाईतच. दोन पांढऱ्यांना मिळून ६ व्होल्ट लागतात, आपल्याकडे साडेचार. खऱ्या घरातसुद्धा प्रत्येक दिवा मुख्य लाइनवरून स्वतंत्र घेतलेला असतो तो यासाठीच, म्हणजे एक बंद केल्याने दुसरा विझत नाही.

५ मिलिमीटरच्या एलईडीचा झोत टॉर्चसारखा एकाच जागी पडतो. त्याच्या डोक्यावर बारीक पॉलिश पेपर गोल गोल घासून तो धुरकट करा. उजेड खोलीभर पसरतो.

टेबलावरची जोडणी

कनेक्टर पट्टी मधोमध कापून सहा-सहा खान्यांचे दोन तुकडे करा. एकाच्या एका बाजूच्या सगळ्या खान्यांमधून सोललेली तार फिरवून स्क्रू आवळा. ही झाली प्लसची पट्टी. दुसरी तशीच मायनसची. होल्डरची लाल वायर एका मुख्य स्विचमधून प्लसच्या पट्टीला, काळी थेट मायनसच्या पट्टीला.

आता प्रत्येक खोलीची लाइन: प्लसची पट्टी, स्विच, रेझिस्टन्स, एलईडीचा लांब पाय, आखूड पायापासून मायनसची पट्टी. स्लाइड स्विचचा मधला पाय आणि कडेचा कोणताही एक पाय वापरायचा, तिसरा मोकळा. स्विच प्लसच्या वायरीवर ठेवायची सवय लावा. सेलच्या घरात तो मायनसवर असला तरी काही बिघडत नाही, पण खऱ्या घरात स्विच फेजवरच, म्हणजे वीज घेऊन येणाऱ्या वायरीवरच, असावा लागतो. न्यूट्रलवर, म्हणजे परतीच्या वायरीवर, ठेवला तर दिवा विझूनही होल्डरमध्ये वीज राहते. प्लसला लाल वायर, मायनसला काळी, हे शेवटपर्यंत पाळा. लाल संपली म्हणून मध्येच हिरवी जोडली की पुढे बिघाड शोधताना डोकं धरून बसायची वेळ येते.

देवघराच्या लाल एलईडीला वेगळा स्विच देऊ नका. मुख्य स्विच लावला की तो लागतो आणि लागलेलाच राहतो. घरात वीज आहे हे तोच सांगतो, त्यामुळे बिघाड शोधताना पहिली नजर देवघराकडे.

सगळे दिवे मिळून करंट ५० मिलिअँपिअरच्या आत राहतो. चांगल्या अल्कलाइन सेलवर दोन-तीन दिवसांचं प्रदर्शन आरामात निघतं. सेल उतरत जातात तसे दिवे हळूहळू मंद होतात, एकदम जात नाहीत.

जिन्याचा दिवा

खाली उभे राहून दिवा लावला, वर गेलो आणि वरून बंद केला. नंतर वरूनच लावला आणि खाली येऊन बंद केला. दोन साधे स्विच एकामागे एक लावून हे जमत नाही, कारण त्यातला एक बंद असेल तर दुसऱ्याने काहीच होत नाही. शेजारीशेजारी लावले तर एक चालू असताना दुसऱ्याने दिवा विझत नाही. इथे टू-वे जोडणी लागते आणि इथेच स्लाइड स्विचचा तिसरा पाय कामाला येतो.

स्विचचा मधला पाय कायम कोणत्या तरी एका कडेच्या पायाला जोडलेला असतो. बटण डावीकडे सरकवलं तर डावीकडच्या, उजवीकडे सरकवलं तर उजवीकडच्या पायाला. म्हणजे हा स्विच 'बंद' असा कधी नसतोच, तो फक्त वाट बदलतो.

आता जोडा. प्लसच्या पट्टीपासून लाल वायर खालच्या स्विचच्या मधल्या पायाला. खालच्याच्या डाव्या पायापासून पिवळी वायर वरच्याच्या डाव्या पायाला, उजव्यापासून निळी वायर वरच्याच्या उजव्या पायाला. वरच्याचा मधला पाय रेझिस्टन्सला, तिथून एलईडी, तिथून मायनस.

दोन्ही बटणं डावीकडे असली की करंट पिवळीतून जातो, दिवा लागतो. खालचं उजवीकडे केलं की करंट निळीत शिरतो, पण वरचा स्विच अजून पिवळीला धरून बसलेला, त्यामुळे दिवा विझतो. आता वरचं उजवीकडे केलं की निळीची वाट पूर्ण झाली, दिवा पुन्हा लागला. कुठूनही बटण हलवलं तरी स्थिती पालटतेच. जोडताना पिवळी आणि निळी अदलाबदल झाल्या तरी चालतं. दिवा तेव्हा बटणं एका बाजूला असताना विझतो आणि विरुद्ध बाजूंना असताना लागतो, इतकाच फरक.

'खालून बंद केला की वरून लागतच नाही' अशी तक्रार आली तर समजा की एखाद्या स्विचचा मधला पाय आणि कडेचा पाय यांची अदलाबदल झाली आहे. आणि दुकानदाराने सहा पायांचा स्विच दिला असेल तर त्याची तीन पायांची एकच ओळ वापरा, दुसरी विसरून जा.

मुलांकडून ही जोडणी करून घेताना चार स्थिती कागदावर लिहून आधी अंदाज बांधायला सांगा, मग बटण हलवू द्या.

आता घर

माप १:२५ धरलं तर सगळं सोपं जातं. खऱ्या घरातला १ मीटर म्हणजे ४ सेंटिमीटर. एका मजल्याची उंची ३ मीटर, म्हणजे १२ सेंटिमीटर. दार ८ सेंटिमीटरच्या जरा वर. हॉल १८, जिन्याची पट्टी ५ आणि स्वयंपाकघर १४ सेंटिमीटर रुंद, पुढून मागपर्यंत सगळे २०. खालचा तळ ५० बाय ३५ सेंटिमीटरचा घ्या म्हणजे अंगणाला आणि स्विचच्या पट्टीला जागा उरते. जिन्याची पायरी ०.७ सेंटिमीटर उंच आणि १ सेंटिमीटर रुंद. सतरा उंच्यांमध्ये १२ सेंटिमीटर चढून होतात आणि लांबी १६ सेंटिमीटरमध्ये बसते.

तळ दुहेरी करा. खालच्या पुठ्ठ्यावर कडेने दोन सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या, वर दुसरा पुठ्ठा. दोन्ही कनेक्टर पट्ट्या, सेलचे होल्डर आणि सगळ्या वायरी या पोकळीत. मागची बाजू उघडी ठेवा. परीक्षकांना आणि दुरुस्तीला, दोघांनाही तीच लागते.

भिंत कापताना पुठ्ठ्यातल्या नळ्या उभ्या येतील असं कापा. एक तर भिंत त्याने ताठ राहते. दुसरं, बारीक सिंगल तारेची वायर याच नळीतून तळापासून वरपर्यंत सरळ ओवली जाते. खालच्या टोकातून वायर सरकवा, मध्ये अडली तर जरा पिळत पिळत ढकला. वर बाहेर आली की भिंतीवर वायरीचा मागमूस नाही. वरच्या खोलीची आणि जिन्याची लाइन अशीच न्या, भिंती चिकटवण्याआधी. चिकटवल्यावर नळीचं तोंड फेविकॉलने बुजलेलं असतं.

समोरची भिंत लावूच नका, म्हणजे हात आत जातो आणि जिन्याचे दोन्ही स्विच त्यांच्या खऱ्या जागी, पायथ्याशी आणि वरच्या दाराशी, बसवता येतात. बाकीचे स्विच तळाच्या पुढच्या पट्टीवर नावं लिहून बसवा. छप्पर सुटं ठेवा.

भिंतींचे सांधे आतून ब्राउन पेपर टेपने बंद करा. नाहीतर खोली अंधारी केल्यावर प्रत्येक फटीतून उजेडाची रेघ दिसते आणि हॉलचा दिवा स्वयंपाकघरातही पसरतो.

पंखा आणि बेल

पंख्याला वेगळा सेल द्याच, इथे काटकसर करू नका. मोटर सुरू होताना जोरात करंट ओढते आणि त्याच लाइनवरचे दिवे लुकलुकतात, शेतावरची मोटार चालू झाली की वस्तीवरचे बल्ब मंदावतात तसे. एकाच सेलवर, १.५ व्होल्टला, मोटर चालवली तर वेगही जरा आवाक्यात राहतो. ३ व्होल्टला पंखा पंख्यासारखा न दिसता ड्रोनसारखा दिसतो.

मोटर वरच्या मजल्याच्या जमिनीला भोक पाडून वरून बसवा, दांडा खाली हॉलमध्ये. वर तिच्यावर पुठ्ठ्याचं कपाट ठेवून टाकलं की झाकली जाते. पाती जाड कार्डशीटची तीन, एकाच मापाची. पातं थोडं जरी जड-हलकं झालं तरी अख्खं छत थरथरतं. उलटा फिरला तर मोटरच्या दोन वायरी अदलाबदल करा.

बेलमध्ये विशेष काही नाही: प्लस, पुश बटण, बझरची लाल वायर, काळी मायनसला. बझरच्या तोंडावर सेलोटेपचा एक तुकडा लावून ठेवा, प्रदर्शनात दिवसभर ती वाजणार आहे आणि शेजारच्या स्टॉलवाल्यालाही जगायचं आहे.

लागत नसेल तर

देवघराचा दिवाच लागला नसेल तर बिघाड सेल, होल्डर किंवा मुख्य स्विचमध्ये आहे. होल्डरची स्प्रिंग आणि सेलची दिशा आधी बघा. देवघर लागलं पण एकच खोली अंधारी असेल तर त्या खोलीचा एलईडी उलटा असतो किंवा स्क्रूखाली वायरीचं प्लास्टिकच दाबलं गेलेलं असतं, तार नाही. वायर सोलताना नेलकटरने हलकेच चिमटा घेऊन ओढा, तार न तुटता साधारण एक सेंटिमीटर मोकळी होते.

एखादा स्विच लावला की सगळंच विझतं आणि सेल गरम लागतात? ताबडतोब सेल काढा. तो स्विच दिव्याच्या वाटेत न बसता थेट प्लस आणि मायनसच्या मध्ये बसला आहे, म्हणजे शॉर्ट. सुटे पाय एकमेकांना टेकूनही हे होतं, म्हणून रेझिस्टन्स आणि एलईडीच्या उघड्या पायांवर इन्सुलेशन टेप हवीच.

मल्टिमीटर (व्होल्टेज मोजायचं यंत्र) असेल तर दिवा चालू ठेवून तीन ठिकाणी माप घ्या. पट्ट्यांवर साधारण ४.५, पांढऱ्या एलईडीवर ३ च्या आसपास, रेझिस्टन्सवर १.५ च्या आसपास. पट्टीवर पूर्ण व्होल्टेज आणि एलईडीवर शून्य असेल तर मधली कुठली तरी जोडणी सुटली आहे. एलईडीवरच साडेचार दिसत असतील तर तो जळला आहे किंवा उलटा आहे.

सोल्डरिंग करायचंच असेल तर २५ वॅटची गन पुरते. ती एलईडीच्या पायावर दोन-तीन सेकंदांच्या वर टेकवू नका, लहान मुलांच्या शेजारी मोठं माणूस असू द्या आणि काम झाल्यावर हात धुवा, कारण साध्या सोल्डरमध्ये शिसं असतं.

घर शाळेत नेताना सेल काढून वेगळ्या डबीत घ्या. रिक्षात एखादा स्विच हलतो आणि पोहोचेपर्यंत सेल अर्धे संपलेले असतात. डबीत दोन एलईडी, दोन रेझिस्टन्स, टेप आणि कनेक्टरच्या स्क्रूला बसणारा बारीक स्क्रूड्रायव्हर टाका. प्रदर्शन संपल्यावर घर कपाटावर ठेवायचं असेल तरी सेल आत ठेवू नका. पाझरलेला सेल होल्डरची स्प्रिंग खाऊन टाकतो.